पिकअपची ट्रान्स्फर केस गळतेय, मागचं सील बदलूनही

चिखलवाट:
मंडळी, जरा डोकं लावा. गाडी डबल कॅब पिकअप, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, पार्ट-टाइम फोर बाय फोर (हवं तेव्हाच चारही चाकांना जोर), ट्रान्स्फर केसला, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत जोर वाटणाऱ्या डब्याला, वेगळा लिव्हर. रात्रभर उभी राहिली की पोटाखाली, मधल्यापेक्षा थोडा मागे, लाल तेलाचा डाग पडतो. खाली शिरून पाहिलं तर ट्रान्स्फर केसचं शेपूट, म्हणजे जिथे मागच्या चाकांना फिरवणारा प्रोपेलर शाफ्ट आत जातो तो भाग, तेलाने माखलेला. गॅरेजवाल्याने मागचं ऑइल सील बदलून दिलं. थोडे दिवस कोरडं राहिलं आणि मग पुन्हा तेच. परत नेली तर म्हणाला, "गाडी जुनी झाली, एवढं चालायचंच, तेलावर लक्ष ठेवा." लक्ष ठेवलं. पातळी तपासायचा बोल्ट सैल केल्या केल्या तेल बाहेर यायला लागलं, म्हणजे कमी झालेलं नाही. त्यामुळे गाडी चालवतोय, पण डाग काही कमी होत नाही.
हे सील घरच्या घरी बदलता येतं का? आणि नवीन सील इतक्या लवकर का गेलं असेल?

जुनापाना:
सील बदलायच्या आधी धुऊन काढा. खरंच. गाडीखालचं तेल वाऱ्याने मागे जातं आणि वजनाने खाली, त्यामुळे जिथे थेंब लोंबतोय तिथे गळती असेलच असं नाही. उगम नेहमी ओल्या भागाच्या पुढे आणि वर शोधायचा. इंजिनाच्या मागच्या सीलचं तेलसुद्धा वाहत वाहत ट्रान्स्फर केसवर येऊन ठिबकतं आणि भलत्याच भागाचा बळी जातो.
डिग्रीझर मारा, ब्रशने घासा, पाणी मारा, कोरडं होऊ द्या. मग सगळीकडे टाल्कम पावडर भुरभुरवा आणि गाडी थोडी फिरवून आणा. पावडरीवर पहिली ओली रेघ कुठून निघते ते बघा आणि फोटो टाका.

वेगवान:
एवढा खटाटोप कशाला? गळती थांबवणारं औषध मिळतं बाटलीत, ते ओता. नाहीतर केसमधल्या एटीएफच्या, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सवाल्या पातळ तेलाच्या जागी जाड गिअर ऑइल भरा, जाड तेल गळत नाही. माझ्या ओळखीतल्या एकाची गाडी असंच करून मस्त चाललीय.

तेलकट_हात:
वेगवान, राग मानू नका, पण हा सल्ला कोणी मनावर घेऊ नये म्हणून लिहितो.
साखळीवर चालणाऱ्या बऱ्याच ट्रान्स्फर केसमध्ये मागच्या शाफ्टवर एक छोटा तेलपंप असतो. तो तळातलं तेल जाळीतून ओढून शाफ्टच्या पोकळीतून वरच्या बेअरिंगांना आणि गिअरांना पाजतो. हे सगळं एटीएफच्या पातळपणाचा हिशोब धरून केलेलं असतं. थंडीत गाडी सुरू केल्यावर जाड तेल त्या जाळीतून वेळेवर वर चढत नाही आणि बेअरिंगं तेवढा वेळ कोरडी फिरतात. उलट, काही गिअरवाल्या केसना गिअर ऑइलच लागतं. तिथे एटीएफ भरणं तितकंच चुकीचं. मॅन्युअलमध्ये जे लिहिलंय तेच भरायचं, त्यात आपली अक्कल चालवायची नाही. ज्या केसमध्ये ऑटो मोडसाठी क्लच प्लेटा असतात तिथे तर अजून काटेकोर. जनरल मोटर्सच्या तशा केसना ऑटो-ट्रॅक टू नावाचं निळं तेल लागतं, लाल नाही. रंग बघून "तेलच की ते" म्हणत दुसरं ओतलं तर क्लच धक्के देऊ लागतात.
बाटलीतलं औषध रबर फुगवतं. वाळून कडक झालेल्या सीलला त्याने थोडे दिवस जीव येतो. पण चिखलवाट यांचं सील नवीन आहे, ते फुगवून काय मिळणार?

वेगवान:
बरं बाबा, मागे घेतो. 🙏 पण गाडी मात्र खरंच चालतेय त्याची.

तेलकट_हात:
तशी बिघडलेलीही चालतेच, थांबेपर्यंत. 😀

निशिगंधा:
कोणी गाडीखाली शिरायच्या आधी माझं ऐकून घ्या, कारण इथे माणसं हमखास फसतात. ऑटोमॅटिक 'पी' मध्ये टाकली की चाकं जखडली असं आपण धरतो. पण 'पी'चा खटका गिअरबॉक्सच्या आत असतो. मागचा प्रोपेलर शाफ्ट काढला की त्या खटक्याचा आणि मागच्या चाकांचा संबंध संपला. ट्रान्स्फर केस न्यूट्रलला टाकली तरी तेच. गाडी उतारावर असेल तर ती निघाली. मॅन्युअलवाल्यांनी "गिअरमध्ये ठेवलीय" म्हणून निर्धास्त राहू नये, त्यांच्याही बाबतीत हेच लागू.
हँडब्रेक मागच्या चाकांवर असेल तर धरेल, पण काही गाड्यांत तो ट्रान्स्फर केसच्या मागच्या फ्लँजवरच (शाफ्ट बोल्टने जोडायची चकती) ड्रम लावून दिलेला असतो. जुनी लँड रोव्हर डिफेंडर हे त्याचं प्रसिद्ध उदाहरण. अशा गाडीचा शाफ्ट काढला की हँडब्रेक नुसता हवेत. आणि तिथलं सील गळलं तर तेल थेट ब्रेकच्या लायनरवर, म्हणजे ती गळती 'किरकोळ' म्हणून सोडून देता येतच नाही.
तेव्हा सपाट जमीन, चाकांना पुढून-मागून ठोकळे आणि गाडी स्टँडवर. नुसत्या जॅकवर अजिबात नाही.

जुनापाना:
निशिगंधाताईंना +१. हे धाग्याच्या वरच चिकटवायला हवं.

खडखडाट:
थोडं विषयांतर, पण गळतीचा हा प्रकार माहीत असलेला बरा. जनरल मोटर्सच्या पिकअपमधल्या एनपी २४६, २६१, २६३ या केसमध्ये गाजलेला दोष आहे. आतल्या तेलपंपाला फिरण्यापासून अडवणारे कान मागच्या अर्ध्या केसिंगवर टेकलेले असतात. केसिंग मॅग्नेशियमचं, मऊ. कान घासत घासत त्याला आरपार टाचणीएवढं भोक पाडतात. मजा अशी की भोक वरच्या बाजूला, उभ्या गाडीतल्या तेलाच्या पातळीच्या वर. गाडी उभी असताना जमिनीवर थेंब नाही. चालू असताना मात्र तेल बारीक फवाऱ्यासारखं बाहेर पडतं आणि वाऱ्यावर उडून जातं. मालकाला कळतं तेव्हा आत खुळखुळाट सुरू झालेला असतो. त्यावर उपाय म्हणजे केसिंगचा मागचा अर्धा भाग बदलायचा आणि पंपाच्या कानांखाली पोलादी पट्टी देणारा किट बसवायचा. बाहेरून एपॉक्सी लिंपणारेही आहेत, पण आत कान घासतच राहतात.
चिखलवाट, तुमचा डाग उभ्या गाडीखाली पडतो, त्यामुळे तुमचं हे नसावं. पण मागच्या अर्ध्या भागावर वरून बोट फिरवून बघा, पैसे पडत नाहीत.

जुनापाना:
नवीन सील लवकर जाण्याची नेहमीची कारणं सांगतो, म्हणजे धुतल्यावर काय बघायचं ते कळेल.
पहिलं म्हणजे शेपटातला बुश, आतली धातूची गुळगुळीत बांगडी. तुमच्याकडे फ्लँज नसून सरकता योक (शाफ्टचं केसमध्ये सरकणारं टोक) असेल, तर तो या बुशवर टेकून फिरतो. बुश झिजला की योक वरखाली हलतो आणि सीलच्या रबरी कडेला एका बाजूने दाबत राहतो. कितीही सील घाला, टिकणार नाही. योक हाताने धरून वर-खाली हलवा, ठकठक जाणवली तर बुश गेला.
दुसरं, योकवरची चरी. जुन्या सीलने जिथे वर्षानुवर्षं घासलं तिथे गोल खाच पडते. नख अडकत असेल तर नवीन सील त्या खाचेवर बसून उपयोग नाही. एकतर योक बदला किंवा त्यावर पातळ पोलादी स्लीव्ह चढवा. ती पाव मिलिमीटरच्या आसपास जाडीची असते, त्यामुळे सीलचा माप बदलावा लागत नाही.
तिसरं, व्हेंट. केस तापली की आतली हवा फुगते आणि तिला बाहेर जायला एक छोटी नळी दिलेली असते. ती चिखलाने बुजली की दाब सीलवर येतो. पाण्यातून गाडी घालणाऱ्यांनी हे आधी बघावं, कारण गरम केस थंड पाण्यात गेली की उलटा प्रकार होतो. आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं. तेल दुधाळ दिसलं तर समजून जा.

चिखलवाट:
धुतलं, पावडर मारली, फिरवून आणलं.
योक हलत नाही. त्यावर चरी नाही, गुळगुळीत आहे. मागच्या केसिंगवर वरून बोट फिरवलं, कोरडं. तेल दुधाळ नाही, स्वच्छ लाल आहे. व्हेंटची नळी काढून फुंकर मारली, हवा आरपार जाते. फक्त नळीचं वरचं टोक तेलकट होतं.
पहिली ओली रेघ मागच्या सीलपाशीच निघाली. म्हणजे शेवटी सीलच ना?

वंगण:
मग सील तिरकं बसवलं असेल. हातोडीने एका बाजूने ठोकलं की असं होतं. सपाट बसेल असा गोल पाइप किंवा मोठा सॉकेट टेकवून सगळीकडून सारखं आत घालायचं, आधी कडेला तेल लावून. कोरडं सील पहिल्याच फेरीत जळतं.

रुमाल_टाकला:
वाचतोय. माझ्याही गाडीचं हेच सुरू आहे.

नुसताच_वाचक:
मी इथे लिहीत नाही फारसा, पण पहिल्या पोस्टमधलं एक वाक्य डोक्यात अडकलंय. तुम्ही म्हणता रोज डाग पडतो आणि तरीही पातळीचा बोल्ट सैल केला की तेल बाहेर येतं. ट्रान्स्फर केसमध्ये मुळात तेल किती असतं? साधारण एक ते दोन लिटर. रोज डाग पडत असेल तर पातळी उतरायलाच हवी. बरोबर भरलेल्या केसमध्ये सपाट जागी तेल त्या भोकाच्या खालच्या काठापर्यंत असतं; बोल्ट काढला तर फार तर चार थेंब ओघळतात. तुमच्याकडे बोल्ट पूर्ण निघायच्या आधीच तेल येतंय. वरून तुम्ही टॉप-अपही केलेलं नाही.
मग गळून गेलेल्या तेलाची भरपाई कोण करतंय?
तुमचा गिअरबॉक्स ऑटोमॅटिक आहे, त्यातही लाल एटीएफच. गिअरबॉक्सचा आउटपुट शाफ्ट ट्रान्स्फर केसच्या तोंडात जातो आणि मध्ये सील असतं. गिअरबॉक्सच्या शेपटातल्या बुशला दाबाखाली तेल मिळत असतं. मधलं सील गेलं की ते तेल पुढे, म्हणजे ट्रान्स्फर केसमध्ये जातं. केस काठोकाठ भरते, साखळी त्या तेलाचा फेस करते, फेस व्हेंटमधून वर येतो (तुमचं तेलकट टोक) आणि मागच्या सीलवर बाहेर पडतो. ते सील शिंतोडे अडवायला पुरेसं असतं, पण पूर्ण बुडालेलं किती काळ तग धरणार?
गिअरबॉक्सची पातळी बघा. आजच.

तेलकट_हात:
क्या बात है. आम्ही सगळे शेपटाकडे बघत बसलो आणि उत्तर तोंडाशी होतं.
चिखलवाट, गिअरबॉक्सची पातळी इंजिन बंद ठेवून बघू नका. बहुतेक गाड्यांत तेल गरम, इंजिन आयडलवर, गाडी सपाट आणि मग पातळी मोजायची काडी. काडीच नसेल तर पातळीचा बोल्ट असतो आणि तेलाचं तापमान ठरावीक मर्यादेत असतानाच तो उघडायचा. मर्यादा मॅन्युअलमध्ये दिलेली असते. गरम तेल आणि तापलेला एक्झॉस्ट शेजारीच असतात, हात सांभाळा.

चिखलवाट:
नुसताच_वाचक, तुम्हाला साष्टांग.
काडीवर तेल खालच्या खुणेच्याही खाली. मग ट्रान्स्फर केस रिकामी करून मोजली. मॅन्युअलमध्ये सव्वा लिटर लिहिलंय आणि माझ्या भांड्यात दोन लिटरला थोडंच कमी. गॅरेजवाल्याने केस भरली तेव्हा चुकून जास्त ओतलं असेल असंही म्हणता येत नाही, कारण पातळीच्या भोकाच्या वर ओतताच येत नाही.
आता विचार केला तर थांब्यावरून निघताना गिअर पडायला हल्ली किंचित उशीर होत होता. मी ते थंडीवर ढकलत होतो.

निशिगंधा:
गाडी चालवू नका आता. ऑटोमॅटिकला तेल कमी पडलं की पंप हवा ओढतो, दाब पडतो आणि क्लच घसरून जळतात. ट्रान्स्फर केसच्या सीलपेक्षा तो उद्योग फार मोठा आहे. आधी योग्य ते एटीएफ पातळीपर्यंत भरा.

वंगण:
एक शंका. काही गाड्यांत गिअरबॉक्सचं वेगळं सील आणि ट्रान्स्फर केसचं वेगळं सील असं असतं आणि दोघांना जोडणाऱ्या मधल्या अ‍ॅडाप्टरला खाली एक निचऱ्याचं भोक असतं. कुठलंही सील गळलं तरी तेल त्यातून खाली पडतं, दुसऱ्या खोलीत जात नाही. यांच्या गाडीत ते नाहीये का?

चिखलवाट:
वंगण, तुमच्या प्रश्नाने पुन्हा खाली शिरलो. भोक आहे! अ‍ॅडाप्टरच्या तळाशी. पण गाडीच्या पोटाला गंज लागू नये म्हणून जे काळं कोटिंग मारतात, त्याचा थर आणि त्यावर वाळलेला चिखल. तारेने टोचलं तर आतून लाल तेल भळाभळा आलं.

नुसताच_वाचक:
मग दोन्ही सीलं गेलीत. गिअरबॉक्सचं आधी गेलं असणार. एरवी तेल त्या भोकातून खाली पडलं असतं आणि तुम्हाला तेव्हाच कळलं असतं. भोक बुजल्यामुळे अ‍ॅडाप्टर भरला आणि ट्रान्स्फर केसचं तोंडाचं सील बाहेरच्या बाजूने बुडालं. ते आतलं तेल आत ठेवायला बनवलेलं असतं, उलट दिशेचा रेटा त्याला पेलत नाही.

जुनापाना:
म्हणजे केस उतरवावी लागणार. चिखलवाट, करायला घेणार असाल तर थोडं सांगतो, बाकी मॅन्युअल आहेच.
सर्वात आधी भरायचा बोल्ट सैल करून बघा, ड्रेनचा नंतर. भरायचाच अडकून बसला आणि खालून तेल सोडलेलं असेल तर गाडी जागच्या जागी अडकते. प्रोपेलर शाफ्ट काढताना योक आणि फ्लँज दोन्हींवर खडूने रेघ मारा, जसा होता तसाच परत बसला पाहिजे, नाहीतर वेगात थरथर येते. शाफ्ट एका टोकावर लोंबकळत सोडू नका, तारेने बांधा. शाफ्टच्या सांध्यातल्या क्रॉसच्या वाट्यांना टेप गुंडाळा, एक वाटी पडली की आतल्या बेअरिंगच्या सुया जमिनीभर.
मग वायरिंगचे प्लग, व्हेंटची नळी, लिव्हरची कडी. गिअरबॉक्सच्या खालचा आडवा बीम काढावा लागत असेल तर आधी गिअरबॉक्सला जॅकचा आधार, मध्ये लाकडाची फळी. केस जड असते आणि तिचं वजन एका बाजूला कललेलं असतं. ट्रान्समिशन जॅक आणि पट्टा हवाच, शिवाय सोबत दुसरा माणूस. छातीवर झेलण्याचं धाडस करणारे मी पाहिलेत. बघण्यासारखं दृश्य नव्हतं ते.
केस सरळ मागे ओढायची. तिरकी करून शाफ्टवर लटकू देऊ नका, परत बसवताना हीच सवय नवीन सीलला नडते. परत जोडताना केसच्या आतले उभे दाते शाफ्टच्या खोबणीत हळूच सरकले पाहिजेत. बोल्ट आवळून केस ओढून घेऊ नका, कान तुटतो.

तेलकट_हात:
दोन गोष्टी माझ्याकडून. केसिंग अ‍ॅल्युमिनियमचं किंवा मॅग्नेशियमचं असतं, त्यामुळे ड्रेन आणि भरायचा बोल्ट टॉर्क पान्यानेच आवळा, मॅन्युअलमधल्या आकड्याला. 'अजून थोडं' म्हटलं की आटे गेले. आणि अ‍ॅडाप्टरला गॅस्केटऐवजी सीलंट असेल तर पातळ एकच रेघ, बोल्टच्या भोकांच्या आतल्या बाजूने फिरवून. ढीगभर लावलं की जास्तीचं आत जाऊन सुटतं आणि पंपाच्या जाळीवर बसतं. पृष्ठभाग ब्रेक क्लीनरने पुसलेला हवा आणि तेल भरायच्या आधी ट्यूबवर लिहिलेला वेळ जाऊ द्या.
ड्रेन बोल्टवर चुंबक असेल तर त्यावरचा करडा गाळ नेहमीचा आहे. चकचकीत पापुद्रे किंवा नखाएवढे तुकडे असतील तर सीलवर थांबू नका, केस उघडा.

वेगवान:
मागचं सील पण बदलायचं का मग? ते तर निर्दोष निघालं.

नुसताच_वाचक:
केस खाली आलीच आहे तर बदला. दाबाखाली बुडून राहिलेलं सील आहे आणि परत तिथे पोचायला शाफ्ट काढावाच लागतो. पुढच्या आउटपुटचंही, म्हणजे पुढच्या चाकांकडचा शाफ्ट निघतो तिथलं. टू-व्हील ड्राइव्हमध्ये (फक्त मागच्या चाकांवर) बराच काळ चाललेल्या गाडीत पुढचं सील कोरडं पडून कडक झालेलं असतं.

चिखलवाट:
झालं काम. मित्राच्या मदतीने केस उतरवली. दोन्ही सीलं गेली होती. गिअरबॉक्सच्या सीलची रबरी कड प्लास्टिकसारखी कडक, बोटाने वाकवली तर चिरली. ट्रान्स्फर केसच्या तोंडाच्या सीलमधली गोल स्प्रिंग जागेवरून निघून अ‍ॅडाप्टरमध्ये पडलेली. शाफ्ट ठीक, चरी नाही. चुंबकावर नुसता गाळ. पुढचं-मागचं सीलही घातलं, निचऱ्याचं भोक मोकळं केलं. गिअरबॉक्सला कमी पडलेलं तेल भरलं, गिअर आता वेळेवर पडतो.
एवढं करून परत तोच खेळ नको म्हणून गिअरबॉक्सच्या तेलात चमकणारा रंग टाकलाय, एटीएफला चालणारा. ट्रान्स्फर केसमध्ये टाकला नाही. भरपूर गाडी चालवल्यावर ट्रान्स्फर केसमधून थोडं तेल सिरिंजने काढून यूव्ही टॉर्चखाली धरलं. अजिबात चमकत नाही. पातळीचा बोल्ट काढला तर काठावर दोन थेंब.

रुमाल_टाकला:
माझ्याही गाडीत दोन्हीकडे लाल एटीएफच आहे. काडी कमीच दाखवतेय आणि ट्रान्स्फर केसच्या बोल्टमधून तेल उसळलं. भोक सापडत नाहीये, कुठे बघू?

चिखलवाट:
गिअरबॉक्स आणि ट्रान्स्फर केस जिथे जुळतात त्या जोडाच्या अगदी तळाशी. कोटिंग मारलेलं असेल तर नुसतं दिसत नाही, स्क्रू ड्रायव्हरने खरवडा. आणि तोंड बाजूला ठेवा.